चोळीतला मोगरा

घाटकोपर (पूर्व)
१४ एप्रिल २०२५

गार्गे,

अक्षर बघून हसू नकोस. कॉलेज संपल्यापासून सही सोडून हाताने काही लिहिलेलंच नाही मी. पण करू काय? आईने माझा मोबाईल कपाटात टाकून किल्ली कनवटीला लावलीय. सव्वा महिना बाळंतिणीने पडद्याकडे बघायचं नाही म्हणे, डोळे जातात. तुझ्याकडेही हाच कायदा आहे असं जानकीमावशी म्हणाली. आईच्या फोनवरून बोलायचं तर ती स्पीकर लावून शेजारी बसते. मला जे बोलायचंय ते स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

म्हणून ही आयडिया. जानकीमावशी सकाळी इथे मला आणि ठोंब्याला तेल लावून, आंघोळ घालून साडेदहाला तुझ्याकडे मुलुंडला येते. तिच्या तेलाच्या पिशवीत चिठ्ठी सरकवायची. कुणाला पत्ता लागणार नाही.

कसली मजा आहे बघ. तू माझ्या भावाची बायको, म्हणून बाळंतपणाला तुझ्या माहेरी गेलीस. मी चेंबूरहून माझ्या माहेरी आले, म्हणजे तुझ्या सासरी. तुझ्याच खोलीत, तुझ्याच पलंगावर लोळतेय. मिहिरदादा बिचारा हॉलमध्ये गादी टाकतो. सहा दिवसांच्या अंतराने दोघींची सुटका झाली, मला मुलगा नि तुला मुलगी. वहिनी मात्र म्हणणार नाही हां तुला, मेले तरी.

आता मुद्दा. गार्गी, मला दूध येतंय. येतंय म्हणजे काय, नळ फुटलाय! दिवसाला चार गाऊन बदलते. आठवतं का, वर्गात मला इस्त्रीची फळी म्हणायचे? दोन वर्षं मी मेथ्या वाटून लावल्या, बदामतेलाने गोल गोल मालीश केलं, शतावरीचं चूर्ण प्यायले, भिंतीला हात टेकून ते कसले तरी व्यायाम केले. अंगाला मेथीच्या भाजीचा वास यायचा आणि माप जागच्या जागी. तू पोट धरून हसायचीस. तुला काय, देवाने न मागता दिलेलं! आता ये आणि बघ. आरशात बघून माझी मीच लाजते.

पण दुखतंय गं फार. दगड झालेत, मधेमधे गाठी लागतात. तू काय करतेस? तुझं तर माझ्या दुप्पट असेल.

तुझी,
अपू


मुलुंड (पूर्व)
१६ एप्रिल

नणंदबाई,

पत्र मिळालं. मोबाईल बंद आहे हे एका अर्थी बरंच आहे, नाहीतर चार गाऊन बदलल्याचे फोटोही आले असते.

इथे सगळं उत्तम. दूध भरपूर. चिऊ पिते आणि झोपते. तुझ्यासारखं गावभर सांगत सुटायची मला सवय नाही, एवढंच.

गाठींसाठी कोबीचं पान. फ्रीजमध्ये गार करायचं, मधला दांडा लाटण्याने चेपायचा आणि ब्लाउजच्या आत ठेवायचं. पान मऊ पडलं की काढायचं. बाळाला आधी दुखऱ्या बाजूला घे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, म्हणजे खात्रीचं आहे.

माझ्या पलंगावर झोपतेस तर डावीकडची उशी माझी आहे, तिच्यावर दूध सांडू नकोस. आणि सासूबाईंनी आळिवाचे लाडू केले असं जानकीमावशीकडून कळलं. किती? पन्नास? माझ्याकडे डबा आला त्यात अकरा होते. मोजले मी. मोजायला वेळच वेळ आहे इथे.

मिहिर ठोंब्याला रोज खेळवतो ना? खेळवू दे. त्याची स्वतःची मुलगी रविवारी दोन तास मिळते त्याला, तेवढी पुरे होत असेल.

गार्गी


घाटकोपर
१८ एप्रिल

गार्गी,

कोबी झकास! तासाभरात फरक पडला. आईने उरलेल्या कोबीची भाजी केली, मी हसून हसून टाके दुखवून घेतले.

लाडवांचं म्हणशील तर मी आईला झापलं. ती म्हणाली, "गार्गीची आई करतेच की, मी दोन्हीकडे कुठे पुरू?" आज आणखी पंचवीस पाठवतेय. उशीवर सांडलं नाही. एकदाच थोडंसं.

पण एक विचारू? चिडू नकोस. दादा रविवारी मुलुंडहून आला तो तोंड पाडून. जेवला नाही. ठोंब्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "याचे गाल बघ अपू." जानकीमावशीला विचारलं तर ती म्हणते, "माका काय विचारू नको, मी एका घरचा दुसऱ्या घरात सांगनंय नाय." ही बाई सगळं सांगते, लाडूसुद्धा सांगते, आणि नेमकं हेच सांगत नाही?

चिऊचं वजन किती आहे गं? खरं सांग. तुला कमी येत असेल तर त्यात लाजायचं काय? माझं नुसतं वाया जातंय. डॉक्टर म्हणतात काढून ठेव, मी काढून मोरीत ओतते, जीव तुटतो. बर्फाच्या डब्यातून मावशीबरोबर पाठवू का? आत्याचं दूध आहे, परक्याचं थोडंच आहे.

अपू


मुलुंड
२१ एप्रिल

अपूर्वा,

ऐकायचंच आहे ना? ऐक मग.

दोन किलो सातशे ग्रॅमची झाली होती. आज सतराव्या दिवशी अडीच किलो. इतर बाळं दोन आठवड्यांत वाढायला लागतात, माझी सुकतेय. तासभर ओढते, घामाघूम होते, रडते, दमून झोपते. मला दूध नाहीये. थेंब थेंब येतं. झालं समाधान?

आणि लोक! माझ्याकडे बघून कुणाला खरंच वाटत नाही. रत्नप्रभाबाई, तळमजल्यावरच्या, बाळ बघायला आल्या आणि माझ्या तोंडावर म्हणाल्या, "एवढं मोठं दुकान आणि आत माल नाही!" आईसुद्धा हसली गं. मग तिला माझा चेहरा दिसला. वयाच्या तेराव्या वर्षापासून मी ओढणी सांभाळत जगले. बसमध्ये वह्या छातीशी धरून उभी राहिले. म्हटलं, एवढं सोसलं ते निदान एका कामाला येईल. तर तेही नाही. आणि तू, जिला ब्लाउजमध्ये पॅड शिवून घ्यावे लागायचे, तू मोरीत ओततेस!

डॉक्टरीणबाई म्हणतात, आकाराचा आणि दुधाचा काही संबंध नसतो. त्यांना म्हणावं हे आमच्या सोसायटीला सांगा.

मी जळतेय तुझ्यावर. उघड सांगते. माझी खोली, माझा पलंग, माझी सासू, माझा नवरा, सगळं तुझ्या दिमतीला, आणि वर दूधही तुलाच. पत्र लिहिताना मला तुझी वेणी ओढावीशी वाटतेय.

आणि तुझं दूध? नको. चिऊच्या तोंडाला ते लागलं तर ती माझी उरेल का? उद्या तुझ्याकडे झेपावली तर मी काय करू? ती उपाशी नाही, पावडर सांगितलीय डॉक्टरांनी. आई बोंडल्याने पाजते. मला बघवत नाही, मी भिंतीकडे तोंड करून बसते. पण तुझं नको. तुला ठोंब्याची शपथ आहे. मिहिरलाही यातलं काही सांगायचं नाही.

गार्गी


घाटकोपर
२३ एप्रिल

गार्गी,

बरं. नको तर नको.

वेणी ओढायची असेल तर सव्वा महिन्यानंतर ये, ओढ. मला राग आला नाही. थोडा आला. रत्नप्रभाबाईंचा जास्त आला. त्यांना सांग, दुकान आमचं, माल आमचा, गिऱ्हाईक आमचं, तुम्ही कोण जकात नाक्यावरच्या?

आईला मी फक्त एवढंच म्हटलं की गार्गीलाही शतावरी कल्प पाठव, बाळंतिणीला चांगला असतो. तिने काही विचारलं नाही. सोबत कल्प, खारकेची पूड, बाळंतशोपा पाठवतेय. दुधातून घे. चिऊला जास्तीत जास्त वेळा अंगावर घे, येत नसलं तरी घे. घेतल्यानेच येतं म्हणतात. रडत घेऊ नकोस, काहीतरी ऐकत घे.

माझं विचारशील तर तेच. उपसावं तेवढं जास्त भरतंय. विहीरच ही. काल थोडा ताप होता, उजवी बाजू लाल झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उतरला. पण ठणका आहेच. कोबीही आता पुरत नाही. तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग.

अपू


मुलुंड
१ मे

अपे,

बस खाली आणि वाच. दोन किलो आठशे तीस! काट्यावर मी स्वतः पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कशी बाळसं धरतेय बघा."

मला दूध आलं गं! शतावरी म्हण, आळीव म्हण, जानकीमावशीचं मालीश म्हण, पण आलं. आधीसारखं टिपूसटिपूस नाही, बाळ गिळताना आवाज येतो. आई अजून दिवसाला चारपाच बोंडली पावडरीची देते, डॉक्टरांनी बंद करू नका म्हटलंय म्हणून. पण पावडरीने कधी असे गाल येतात का? हे माझं आहे. रत्नप्रभाबाई जिन्यात भेटल्या तेव्हा चिऊला मुद्दाम त्यांच्या नाकासमोर धरलं. आई मात्र विचित्रच. वजन सांगितलं तर डोळ्यांना पदर लावून आत गेली.

एवढं झाल्यावर तरी मी शांत व्हायला हवं होतं. रविवारी मिहिर आला. चिऊला घेतलं, छान म्हणाला. मग स्वतःच्या मोबाईलवर मला फोटो दाखवायला लागला, तर सतरा फोटो ठोंब्याचे! "वाघ आहे माझा वाघ, काय पितो, काय पितो, अपूची कमाल आहे." अपूची कमाल. माझ्या मुलीने महिनाभर झगडून वजन मिळवलं त्याला "छान", आणि तुझ्यासाठी कमाल.

असो. ठणक्यासाठी एक उपाय आहे. मोगऱ्याची फुलं. गजरे आणायचे, दोन्ही बाजूंना चोळीच्या आत ठेवून वरून फडका बांधायचा, अगदी सैल. सुकले की बदलायचे. आमच्या मजल्यावर पालक्काडच्या अम्मा राहतात, त्यांच्याकडे करतात. मोगरा थंड असतो, सूज उतरते. आठ दिवस तरी बांध.

गार्गी


घाटकोपर
६ मे

गार्गे,

तुझ्या अम्मांचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं! तिसऱ्या दिवशी ठणका गेला. गाठी विरघळल्या, अंग हलकं झालं. महिन्याभरात पहिल्यांदा मी कुशीवर झोपले. दादा रोज ऑफिसातून येताना स्टेशनजवळून चार गजरे आणतो. फुलवाली त्याला म्हणाली, "साहेब, बायको रुसलीय वाटतं." जानकीमावशी मात्र कुरकुरते. "आमच्याकडे फुलां डोक्यात माळतत, चोळयेत नाय. ह्या काय नवीन?" मी म्हटलं, गार्गीने सांगितलंय.

दोन किलो आठशे तीस वाचून मी किती नाचले विचार आईला. मनातल्या मनात नाचले, उठून नाचायची परवानगी नाही.

एकच गोष्ट. दूध बरंच उतरलंय. ठोंब्याला संध्याकाळी पुरत नाही, पोरगं चिडतं, चावल्यासारखं करतं. काढायला बसले तर वाटीचा तळही झाकत नाही. आई म्हणते, मीच नीट जेवत नाही. हे फुलांमुळे असेल का गं? की आता आपोआपच कमी होतं? अजून किती दिवस बांधू? लवकर कळव, मला जरा काळजी वाटतेय. का ते नंतर सांगेन.

अपू


मुलुंड
९ मे

अपूर्वा,

माझं डोकं ठिकाणावर नाही, चारच ओळी लिहिते.

चिऊचं वजन थांबलंय. परवा काटा केला, चार दिवसांत वीस ग्रॅमसुद्धा नाही. कालपासून परत तसंच रडते, ओठ सुकलेले. माझं दूध अचानक गेलं का? मी तर तेवढंच खातेय, तेवढंच पाजतेय. डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "वरचं दूध कमी केलंत का?" आई चिऊचं दुपटं नीट करत बसली. घरी आल्यावर ओट्याशी उभी राहून रडत होती. विचारलं तर म्हणते, "काही नाही, कांदा." कांदा चिरलेलाच नव्हता!

सगळे माझ्यापासून काहीतरी लपवतायत. चिऊला काही आजार आहे का? तुला माहीत असेल तर सांग.

फुलांचं विचारलंस. बांध अजून. काही होत नाही.

गार्गी


घाटकोपर
१० मे

गार्गी,

एका जागी बस, चिऊला आईकडे दे आणि मग वाच. आरडाओरडा करू नकोस.

चिऊला काही आजार नाही. ती उपाशी आहे. मी शपथ मोडली.

तुझं ते पत्र आलं, "तुझं नको" म्हणून, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मी दूध पाठवतेय. जानकीमावशीच्या पिशवीत तेलाच्या बाटल्यांच्या खाली बर्फाचा डबा असायचा. तुझ्या आईला मीच निरोप पाठवला होता. त्या आधी नाही म्हणाल्या. पण पावडर दोन वेळा देऊन पाहिली होती त्यांनी, चिऊने ओकून टाकली, पातळ शी झाली. मग त्यांनी डबा घेतला. तुमच्या फ्रीजमध्ये इडलीच्या पिठामागे जी स्टीलची बरणी आहे, तिच्यात अठरा दिवस माझं दूध आहे. तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस तेव्हा काकू बोंडल्याने तेच पाजायच्या. पावडरीचा डबा जवळजवळ भरलेला आहे, उघडून बघ.

तुझं दूध आलं हे तू लिहिलंस तेव्हा मला कळलं की काय झालंय. सांगायला हवं होतं. पण तू इतकी खूश होतीस! म्हटलं, खुशीनेच येईल खरं. थोडं आलंही असेल. आणि मी उपसून उपसून पाठवत होते म्हणून मला ताप आला होता, हेही लपवलं.

आता माझंच आटलंय, का ते कळत नाही. मंगळवारपासून मावशी जवळजवळ रिकामा डबा आणतेय. ठोंब्याला पुरत नाही तर चिऊला काय पाठवू? काकूंना तुला सांगायची हिंमत नाही, म्हणून मी सांगतेय. आजच्या आज डॉक्टरांकडे जा, दुसरी पावडर विचार, जे काही म्हणतील ते कर. माझ्यावर नंतर चिड. तू नको म्हटलेलं मी केलं, तुझ्या पाठीमागे केलं, तुझ्या आईला खोटं बोलायला लावलं. माझं चुकलं. पण बाळ सुकत होतं गार्गी, आणि मी मोरीत ओतत होते. मला नाही जमलं.

माफ कर.

अपू


मुलुंड
११ मे, रविवार

अपू,

आज जानकीमावशीची सुट्टी. मिहिर आलाय. पाकिटाला पिना मारून त्याच्या हातात देतेय. त्याला सांगितलंय, उघडलंस तर घरात पाऊल ठेवू देणार नाही.

तू माफी मागू नकोस. मागितलीस ती परत घे.

मोगऱ्याने दूध आटतं.

मला माहीत होतं. पालक्काडच्या अम्मांनी त्यांच्या सुनेला बांधला होता, पोर दोन वर्षांचं झालं तरी सुटत नव्हतं म्हणून. आठ दिवसांत दूध गेलं. अम्मांनी मला बजावलं होतं, "तू केसातसुद्धा माळू नको, उशाशी ठेवू नको." आणि मी ते तुला लिहून पाठवलं. सूज उतरते हेही खरं आहे, म्हणून मला वाटलं खोटं लिहीत नाहीये मी. मनाला असंच समजावलं. एक मे रोजी, "अपूची कमाल" ऐकून, चिऊ मांडीवर झोपलेली असताना, शांतपणे. मला तुझं सगळं जायला नको होतं. मला फक्त तू माझ्याएवढी व्हायला हवी होतीस. ठोंब्याचा विचारसुद्धा आला नाही मनात. आणि परवा तू विचारलंस फुलांमुळे असेल का, तेव्हाही मी लिहिलं, बांध. तेव्हा तर चिऊ समोर रडत होती! माझ्या पोरीच्या तोंडचा घास मी स्वतः काढून घेतला आणि वर विचारत बसले की कुणी घेतला.

फुलं आत्ता, हे वाचता वाचता काढून टाक. अंग धुऊन काढ. घरात एक कळी ठेवू नकोस.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, मोगऱ्याचंही. आईसमोर सांगितलं. आई माझ्याशी बोलत नाहीये. दुसरी पावडर दिलीय, थोडी पचतेय. उद्या परत काटा आहे. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळलाय म्हणायला दोन दिवस थांबा.

मिहिरला काय सांगायचं ते तू ठरव. सासूबाईंना सांग, सगळ्या घाटकोपरला सांग. मला वहिनी म्हणायचं नव्हतंच तुला, आता मैत्रीणही म्हणू नकोस. फक्त ठोंब्याला पुरतंय का एवढं कळव. दोन शब्द पुरेत.

गार्गी


घाटकोपर
१२ मे, सकाळी

गार्गी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले, कारण या घरात रडायलाही खोली नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. लगेच करेन असं वाटत नाही. ठोंब्या चार दिवस संध्याकाळी उपाशी किंचाळत होता आणि मी आईची बोलणी खात होते. ते मी विसरणार नाही, म्हातारी झाले तरी तुला ऐकवेन. दादाला सांगितलं नाही. त्याच्या भल्यासाठी नाही, माझ्यासाठी. तो तुझ्यावर ओरडला तर माझ्या वाट्याचं ओरडणं कमी होईल.

फुलं टाकली. जानकीमावशीला सगळं सांगितलं. तिने तुला मालवणीतून जे काही म्हटलं ते लिहिता येणार नाही, ती स्वतःच येऊन म्हणेल. मग बसली माझ्या पायाशी, दोन्हीकडे दाबून पाहिलं, आणि म्हणाली की गेलेलं नाही, खाली उतरलंय. ओढणारं तोंड हवं, तेही एकाने भागणार नाही, दिवसाला दहाबारा वेळा, दोन पोरं लागली तर आठवड्यात परत येईल. माझ्या डॉक्टरांना आईच्या फोनवरून विचारलं, स्पीकरवर, आईसमोर. त्या म्हणाल्या, मावशी बरोबर सांगतेय.

आणि तुझ्याबद्दल मावशी म्हणाली, चिऊमध्ये ओढायचा जोर नाही म्हणून तुझं वर येत नाही. ठोंब्या दांडगा आहे. तो ओढेल तर तुझंही येईल, खरं येईल.

तर आता नीट ऐक. सव्वा महिना गेला खड्ड्यात. काट्याचं काम झालं की काकूंना घेऊन रिक्षाने सरळ इकडे ये. आईला मी सांगितलंय की गार्गी येतेय, पलंग तिचा आहे, मी खाली गादीवर झोपेन. दारं लावून घेऊ. चिऊ माझ्याकडे, ठोंब्या तुझ्याकडे. तू समोर बसायचंस. भिंतीकडे तोंड करायचं नाही. तुझी पोरगी माझ्या अंगावर पिताना शेवटपर्यंत बघायचं, ती हसली तरी बघायचं. हीच तुला शिक्षा.

आणि मी बघेन माझा पोरगा तुझ्या मांडीवर. आज सकाळी नुसता विचार केला आणि ठोंब्याला उचलून घट्ट धरून बसले. तो तुझ्याकडे जास्त रमला तर? तुझ्याकडून उठवायला गेले आणि रडला तर? सतरा फोटो बघताना तुला काय वाटलं असेल, ते मला आज सकाळी पहिल्यांदा कळलं. बरं नाही वाटलं.

पण पोरांना भूक लागलीय. जळत बसू दोघी समोरासमोर. ये लवकर.

अपू